तीनशे किलोमीटर, सात तास अंधार आणि परवडेल असा दिवा

हरितालिकेच्या दिवशी, १८ सप्टेंबर २०२३ ला, जेवणाच्या सुट्टीत मी ९ डिसेंबरच्या ३०० किलोमीटरच्या बीआरएमचा फॉर्म भरला. उपास होता, बहुधा त्यामुळेच डोकं ठिकाणावर नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर पुरं करणं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास. दोनशेची मी फेब्रुवारीत केली होती, ती दिवसाउजेडी संपली. ३०० मात्र सकाळी सहाला सुटून रात्री दोनच्या आत यायचं. फॉर्ममध्ये रक्तगट, घरच्यांचा फोन, ‘माझ्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ असं हमीपत्र वगैरे नेहमीचं होतं. खाली एक ओळ होती: पुढे दोन आणि मागे दोन दिवे सायकलला पक्के बसवलेले हवेत, अंधार पडल्यावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवं, सुटण्याआधी तपासणी होईल, दिवे नसतील तर सोडणार नाही, शुल्क परत मिळणार नाही.

मागचे लाल दिवे होते. पुढे माझ्याकडे एक लुकलुकणारी टिकली होती. तिच्या उजेडात मी इतरांना दिसायचे, मला काहीच दिसायचं नाही. हे दोन वेगळे दिवे असतात, हे कळायलाच मला एक आठवडा लागला.

मी पतसंस्थेत हिशोब बघते, त्यामुळे आधी कागद घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सव्वासहा-साडेसहाला पूर्ण अंधार. तिथून रात्री दीडपर्यंत धरले तर सात तास, शिवाय पहाटे सुटतानाचा अर्धा तास. म्हणजे मला साडेसात तास पुरणारा दिवा हवा होता. बजेट दोन हजार. दिवाळी तोंडावर, चिरंजीव दहावीत, क्लासचा दुसरा हप्ता बाकी. दोन हजारच्या वर जायचं नाही, असं मी कागदावर लिहून खाली रेघ मारली.

पहिला दिवा ऑनलाइन मागवला, ४४९ रुपये. जाहिरातीत ‘९००० लुमेन’ (उजेडाचं माप) आणि ‘९९०० एमएएच बॅटरी’ (बॅटरीची क्षमता) लिहिलं होतं, चार हजारांवर लोकांनी तारे दिले होते. २३ सप्टेंबरला आला. गॅलरीतून समोरच्या इमारतीवर मारला तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. मी खूश. त्याच रात्री धायरीकडून खडकवासल्याच्या रस्त्याला निघाले. पन्नास मिनिटांत उजेड पिवळट झाला, एक तास वीस मिनिटांनी दिवा तीनदा मिचकला आणि गेला. परत येताना मोबाइलचा टॉर्च तोंडात धरला होता. अंधारात दिवा जायची भीती इथूनच बसली, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी आतला सेल काढला. जाड पेन्सिलीच्या सेलसारखा दिसतो, त्याला १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएच असते. ९९०० त्यात बसतच नाही. बरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो असं वाचलं होतं, म्हणून ओळखीच्या सोनाराकडे नेला. त्यांनी काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. ‘वहिनी, मोडीत घालायचाय का?’ असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

लुमेनचंही तसंच. चांगल्या एलईडीतून एका वॉटला ढोबळमानाने १०० लुमेन उजेड मिळतो. ९००० लुमेन खरे असते तर ९० वॉट लागले असते आणि तेवढ्याशा नळकांड्यात चटणी भाजता आली असती. तेव्हापासून मी खोक्यावरचा लुमेनचा आकडा शेवटी वाचते. आधी सेल किती, किती एमएएचचे, ते बघते. एकूण एमएएचना ३.७ ने, म्हणजे सेलच्या व्होल्टने, गुणून हजाराने भागलं की वॉट-तास निघतात. २५०० चे दोन सेल असतील तर १८.५ वॉट-तास. चार वॉटवर लावला तर साडेचार तास, दोन वॉटवर लावला तर नऊ. यापेक्षा मोठा दावा असेल तर विकणारा खोटं बोलतोय, किंवा दिवा हळूहळू मंद होत जातो आणि मंद झालेले तासही त्याने धरलेत.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. सांगलीत त्यांच्या सायकलला डायनॅमो होता, टायरला घासून घूंऽऽ करत चालणारा. चढावर पाय जड, दिवा मंद. उतारावर दिवा लखलखीत. आणि रात्री दिवा नसेल तर पोलिस चाकातली हवा सोडायचे, म्हणाले. ‘आमच्या वेळी बॅटरी नव्हती, त्यामुळे संपायचीही नाही.’

डायनॅमो अजून आहेत आणि आता ते चाकाच्या मधल्या हबमध्येच बसवतात, हे मला १५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या पहाटे कळलं. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांकडे तसा हब आहे, ६ व्होल्ट ३ वॉटचा, आणि त्यावर चालणारा जर्मन नियमांत बसणारा दिवा. साडेचारला आम्ही जुन्या कात्रज घाटात गेलो. माझ्या दिव्याचा उजेड गोल: झाडांवर, दगडांवर, समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत, आणि थोडा रस्त्यावर. त्यांचा उजेड वरून सुरीने कापल्यासारखा. सगळा रस्त्यावर, लांबवर सारखा पसरलेला, वर काळोख. जर्मनीत रस्त्यावर सायकल चालवायची तर दिवा असा वरून कापलेलाच लागतो, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. मोटारीच्या डिपरसारखं समजा. दादांचा दिवा माझ्यापेक्षा कितीतरी कमी लुमेनचा होता, आणि खड्डे त्यांना आधी दिसत होते.

हब, चाक आणि दिवा मिळून झालेला खर्च त्यांनी सांगितला तेव्हा मी विषय बदलला. पण कुठला उजेड शोधायचा ते कळलं. दोन हजारांत तसा कापलेला उजेड मला मिळाला नाही. निदान गोल झोत नको, आडवा पसरणारा हवा, एवढं ठरलं. ओळखायची सोपी खूण: काचेवर बारीक उभ्या रेघा असतील तर उजेड आडवा पसरतो. साधी सपाट काच आणि आत वाटीसारखा आरसा असेल तर बहुतेक गोल टॉर्चच.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी तापकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. सायकलचे दिवे तिथे फारसे मिळाले नाहीत, पण टॉर्च विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलेलं लक्षात राहिलं: ‘ताई, लुमेन विचारू नका. चार्जिंगला लावून पेटतो का, ते विचारा.’ बरेच दिवे केबल लावली की बंद होतात, किंवा सगळ्यात मंद उजेडावर अडकून बसतात. रात्री अकराला परतीच्या वाटेवर शिरवळला हे कळून उपयोग नाही. पुढे प्रत्येक दुकानात मी पॉवरबँक पर्समधून काढून दिवा लावून बघितला. दोन ठिकाणी कपाळाला आठ्या पडल्या, एका ठिकाणी चहा मिळाला.

दुसरा दिवा सायकलच्या दुकानातून घेतला, १,२५० रुपये, २१ ऑक्टोबर. एक सेल, ४०० लुमेन लिहिलेले, आणि ते खरेही वाटत होते. आवडला. दहा दिवसांनी रात्री धुकट पाऊसही नाही, नुसतं दव, आणि बटण दाबलं तरी बंद होईना. मग बंद झाला तो चालू होईना. दुकानदार म्हणाले, सात दिवसांत आणला असता तर बदलून दिला असता, आता कंपनीकडे वॉरंटीत जा. कंपनीच्या ईमेलला आलेलं उत्तर: बिल, सिरियल नंबर, बिघाडाचा व्हिडिओ आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. दुकानात हातात घेतलेल्या वस्तूचं खोकं उघडतानाचा व्हिडिओ कोण काढतं? मी तसं लिहिलं. सहा दिवस शांतता.

मग १९१५ ला फोन लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार विचारला. एसएमएसवर तक्रारीचा नंबर आला. चार दिवसांनी कंपनीचा फोन आला, अतिशय गोड आवाजात. कुरिअरने दिवा पाठवायचा, कुरिअरचा खर्च माझा, १३० रुपये. नवा दिवा २५ नोव्हेंबरला हातात पडला. पहिल्या ईमेलपासून चोवीस दिवस. एवढंच सांगते की बिल व्हॉट्सॲपवर फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं महिन्याभरात पुसट होतात, माझी झाली होती.

पण त्या चोवीस दिवसांत मी थांबू शकत नव्हते. तिसरा दिवा दिवाळीच्या सवलतीत घेतला, १,६९० रुपये. दोन सेल, टाइप-सी चार्जिंग, काचेवर रेघा, केबल लावूनही मधल्या उजेडावर पेटत राहणारा, आयपीएक्स४ लिहिलेला, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा. बजेटची रेघ ओलांडली होती. पत्नीने बजेट मोडलं की नवरे काय म्हणतात ते आमच्याकडेही म्हणून झालं.

नंतरचे तीन आठवडे मी जे केलं त्याने घरच्यांची खात्री पटली की बाईला वेड लागलंय. रात्री बाथरूमचं दार लावून दिवा छताकडे रोखून बादलीवर उभा करायचा, शेजारी मोबाइल पालथा न ठेवता पडद्याची बाजू वर करून ठेवायचा, त्यात उजेड मोजायचं फुकटचं ॲप. दर अर्ध्या तासाने आकडा वहीत. आकडा खरा किती याला महत्त्व नाही, तो किती वेळ तसाच राहतो ते बघायचं. ४४९ वाला ५८ वरून पन्नास मिनिटांत १९ वर आला. तिसरा दिवा मधल्या उजेडावर पाच तास जवळजवळ हलला नाही, पाच तास चाळीस मिनिटांनी एकदम पडला. खोक्यावर सहा तास होते, म्हणजे कंपनी सज्जन. सासूबाई दोनदा दार वाजवून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘दिव्याची आंघोळ झाली असेल तर मला जाऊ दे.’

पाच तास चाळीसला दोन तास कमी पडत होते. घरात १०,००० एमएएचची पॉवरबँक होती. ते १०,००० आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ५ व्होल्टवर बाहेर येईपर्यंत मधली गळती धरून साठ-पासष्ट टक्केच हाती लागतात. माझा दिवा एकदा पूर्ण भरायला तेवढं पुरत होतं. शिवाय बदलून आलेला एक सेलचा दिवा राखीव. गणित बसलं.

आता बसवणं. रबरी पट्टा हँडलबारवर घसरतो आणि प्रत्येक गचक्याला दिवा मान खाली घालतो. सायकलवाल्या काकांनी जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा खाली गुंडाळून दिला, पैसे घेतले नाहीत. पुढे हँडलबार बॅग असेल तर आधी ती भरून बघा. माझ्या बॅगेचं झाकण चिक्कीच्या पाकिटांनी फुगलं की अर्धा झोत त्यावरच पडत होता. दिवा मग माउंट फिरवून बारच्या खाली उलटा टांगला. त्याचा एक फायदा आपोआप झाला. दिवा डोळ्यांपासून जितका खाली, तितकी खड्ड्याची सावली लांब पडते आणि खड्डा लांबून कळतो. हेल्मेटला टॉर्च बांधणाऱ्यांना उलटा अनुभव येतो: उजेड डोळ्याच्याच बाजूने गेल्यामुळे सावली खड्ड्याच्या पलीकडे लपते, रस्ता गुळगुळीत वाटतो आणि मग दाणकन आवाज येतो. हेल्मेटवरचा टॉर्च पंक्चर काढायला आणि पाट्या वाचायला ठीक.

कोन ठरवायला सोसायटीच्या भिंतीसमोर पाच मीटरवर सायकल उभी केली. दिव्याची उंची ९५ सेंटिमीटर. भिंतीवर झोताचा मध्य ६३ सेंटिमीटरवर येईल असा वाकवला. म्हणजे तो रस्त्याला १५ मीटरवर टेकतो. ताशी २५ ला सेकंदाला सात मीटर जातात, १५ मीटर म्हणजे खड्डा दिसून ब्रेक दाबायला दोन सेकंद. उतारावर ४० ने गेले तर हेच दोन सेकंद सव्वावर येतात. म्हणून रात्रीच्या उतारावर किती वेगाने जायचं ते पायांना विचारायचंच नाही, दिव्याने ठरवायचं. भिंतीवर खडूने खूण केली होती, ती क्रिकेटचे स्टंप समजून वॉचमनकाका मुलांना रागावले.

९ डिसेंबर. दुसरा शनिवार, सुट्टी घ्यावी लागली नाही. पावणेसहाला वारज्यात तपासणी. स्वयंसेवकाने चारही दिवे लावायला सांगितले, माउंट हाताने हलवून बघितला, जॅकेट बघितलं (हार्डवेअरच्या दुकानातलं, १२० रुपये), वेळा नोंदवायचं ब्रेव्हे कार्ड दिलं. चाळीस सेकंदांचं काम. माझ्या शेजारच्या मुलाचा दुसरा दिवा मोबाइलचा होता. त्याला बाजूला काढलं, कुणीतरी त्याला जास्तीचा दिला तेव्हा तो सुटला.

दिवसाबद्दल फार लिहीत नाही. कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंबाटकीचा चढ, सातारा, उंब्रजच्या पुढे वळण्याची जागा. १५० किलोमीटरच्या कंट्रोलला (कार्डावर वेळ नोंदवायच्या ठिकाणी) दुपारी चारच्या आत पोचायचं होतं, तीन दहाला पोचले. पिठलं-भाकरी खाल्ली आणि ती चूक होती.

परतताना साताऱ्याच्या अलीकडे अंधारलं. सव्वासहाला दिवा लावला, आणि पहिला अर्धा तास मी रस्त्याकडे कमी आणि दिव्याकडे जास्त बघत होते. अमावस्या तीन दिवसांवर, चंद्राचा पत्ता नाही. भुईंजच्या आसपास पहिल्यांदा खरी दचकले. समोर काळं काहीतरी, त्याला वरून पानं लोंबताहेत. उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेले, उजव्या चाकाखाली दगड लावून कडेला उभी. झोत आडवा होता म्हणून तिची दोन्ही टोकं दिसली. गोल झोतात मधला ऊस दिसला असता आणि बाजूने किती जागा आहे ते कळलं नसतं. त्या रात्री अशा पाच ट्रॉल्या मोजल्या. डिसेंबरात या रस्त्याला याल तर गळीत हंगाम चालू असतो, हे दिव्याच्या बजेटमध्ये धरा.

खंबाटकीच्या बोगद्यात साडेनऊला शिरले. आत उजेड आहे, तरी मी दिवा मोठ्या उजेडावर केला, मागचे दोन्ही लाल चालू. आवाज असा की आपण भांड्यात बसलोय आणि बाहेरून कुणी पळीने बडवतंय. बोगद्यापुढच्या एस वळणाची धास्ती होती. तिथे ब्रेक धरून, शब्दशः पायी चालल्याच्या वेगाने उतरले. मागून आलेल्या दोघांनी विचारलं, ‘ताई, सगळं ठीक ना?’ ठीकच होतं, घाबरले होते.

शिरवळला साडेदहाला दूध प्यायले आणि पॉवरबँक लावली. अकरा दहाला दिव्याची बटणावरची खूण परत लाल. केबल खड्ड्यांनी सैल होऊन अर्धवट निघाली होती. चाळीस मिनिटं काही भरलंच नव्हतं. पोटात गोळा आला. राखीव दिवा लावला, मुख्य बंद केला, केबल परत घट्ट बसवून तिला केसांच्या रबराने दिव्यालाच बांधलं. खेड शिवापूरपर्यंत एक सेलच्या दिव्यावर आले. त्याचा झोत गोल, डावीकडची कड दिसत नव्हती, म्हणून पांढऱ्या पट्टीला धरून चालवलं. वेग ताशी पंधराच्या खाली. बारा दहाला मुख्य दिवा पुन्हा लावला तो शेवटपर्यंत टिकला. केबल कोनात वळलेल्या टोकाची मिळते, ७० रुपयांना, ती घ्या. मी आता घेतलीय.

कात्रजचा बोगदा संपल्यावर नवले पुलाकडच्या उतारावर ट्रकचे ब्रेक फुसफुसत होते आणि मी अगदी कडेने. वारज्यात कार्डावर शेवटची वेळ पडली १ वाजून १८ मिनिटं. नवरा स्कूटरवर बसल्या बसल्या झोपला होता. चिरंजीवाने पहिला प्रश्न विचारला, ‘किती टक्के उरली?’

हिशोब असा: ४४९, १,२५०, १,६९०, कुरिअर १३०, जॅकेट १२०, एकूण ३,६३९ रुपये. पहिल्या दिवसापासून शहाणी असते तर ४४९ वाचले असते. तो टॉर्च सध्या सासूबाईंकडे आहे, पहाटे पाण्याच्या टाकीचा कॉक सोडायला जाताना लागतो. तेवढी तीन मिनिटं तो उत्तम चालतो.

४०० चा फॉर्म आलाय. २७ तास, म्हणजे मध्ये एक पूर्ण रात्र, बारा तास अंधार. दोन सेल आणि एका पॉवरबँकेत ते बसत नाही. कागद काढून ठेवलाय.